नवतप्यातला हिटर

कोळशाच्या गावात पांढरेशुभ्र कपडे घालून फिरणारा माणूस एक तर पुढारी असतो, नाही तर पाहुणा. आमच्या राजूरला मात्र गाड्यांची वायरिंग करणारा एक मिस्त्री जन्मभर पांढरं घालून फिरला. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही तेच म्हणते. सकाळी कडक इस्त्रीचा सदरा, पांढरा पायजमा आणि डोक्यावर जाळीची टोपी अशा थाटात ते दुकानावर यायचे. दुपारपर्यंत सदऱ्याचा रंग राखेसारखा व्हायचा. मग घरी जाऊन दुसरा घालून यायचे. माझी आई म्हणायची, या माणसाच्या बायकोला जन्नतमध्ये वेगळी खोली मिळेल, आणि त्या खोलीत धुण्याचा दगड नसेल.

कुणी विचारलंच, की चाचा, गॅरेजच्या कामात पांढरं काहून घालता, तर उत्तर ठरलेलं. "ग्रीस मेकॅनिकले लागते. मी वायरिंगवाला आहे. डॉक्टर काळा कोट घालते का?"

वणीच्या रस्त्याला, कडुनिंबाखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे भंगारात निघालेल्या एका ट्रकचं नुसतं केबिन, विटांवर चढवून ठेवलेलं. चाचा ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे, गिऱ्हाईक क्लीनरच्या. स्टीअरिंग जागेवरच होतं. बोलता बोलता चाचा वळण आल्यासारखं ते फिरवायचे. गिऱ्हाईक फार पाल्हाळ लावायला लागलं की हॉर्न दाबायचे. त्या केबिनला इंजिन नव्हतं, चाकं नव्हती, पण हॉर्न असा खणखणीत होता की रस्त्यावरचे खरे ट्रक बाजूला व्हायचे.

गाडी आली की पहिले ड्रायव्हरची उलटतपासणी. कुठून आला, काय भरलं होतं, वाटेत कुणी हात लावला का, टेप कुणी मारला. ड्रायव्हरचं सगळं सांगून झालं की चाचा त्याला खाली उतरवायचे. "तुहं आयकलं. आता हिचं आयकू दे. वायर खोटं नाही बोलत, ड्रायव्हर बोलते." दुसऱ्याने मारलेल्या टेपचा त्यांना इतका राग की तो सोलून काढताना ते अक्षरशः पुटपुटत असायचे. जळलेल्या वायरी टाकून देत नसत. कडुनिंबाच्या फांदीला त्यांच्या माळा टांगलेल्या असायच्या, आणि कोणती माळ कोणाच्या गाडीतून निघाली हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने सांगायचे. भल्या भल्या टिपरमालकांनी आपली माळ उतरवावी म्हणून त्यांना चहा पाजलेला मी पाहिला आहे. चहा प्यायचे. माळ तिथेच राहायची.

पण चाचांची खरी ख्याती होती ती नाकाची. मीटर त्यांच्याकडे होता, त्याचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून. दोन्ही हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून ते डॅशबोर्डशी नाक नेत आणि माणसाची नाडी बघावी तसे थांबत. मग सांगत: हा रबराचा वास, हा वार्निशाचा, हा नुसत्या तापलेल्या तांब्याचा, अजून वेळ आहे. कामाच्या वेळी जवळपास कुणी कांदा खाल्लेला चालत नसे. त्यांना स्वतःला अत्तराचा भारी शौक, पण अत्तर फक्त जुम्म्याला, नमाजच्या वेळी. म्हणून जुम्म्याला वायरिंगचं काम बंद. "आज नाक सुट्टीवर आहे," असं गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि खिशातला अत्तराचा फाया त्याच्याही मनगटाला लावून वाटेला लावायचे.

मी त्याच गावची लेक. लग्न झालं महागावच्या माणसाशी, पण त्याच्या ट्रकला काम वणीकडे, म्हणून माहेराच्या गल्लीतच बिऱ्हाड थाटलं. त्यामुळे आमचा माणूस साऱ्या गावाचा जावई. गाडी तो चालवायचा आणि गाडीची दुखणीखुपणी मी बघायची, असा आमचा संसार. चाचांच्या केबिनमध्ये क्लीनरच्या जागेवर जितकी मी बसले असेन तितका कुठला क्लीनरही बसला नसेल.

आता हिटरची गोष्ट. आमच्या भागात ट्रकवाल्यांची एक रीत आहे. नवी गाडी आली की पहिले तिचा हिटर तोडायचा. इंजिनाचं गरम पाणी केबिनमध्ये आणणारे दोन पाइप असतात, ते काढून एकमेकांना जोडून द्यायचे, की झालं. जिथे कुलरसमोर बसूनही माणूस घामाने निथळतो तिथे हिटर हवाय कुणाला? पण चाचांकडे हे काम घेऊन जायची सोय नव्हती. "तुले अपेंडिक्स लागते का? नाही ना? मंग जाय, कापून ये पहिले. मंग हिटर कापू." एकदा एक जण खरंच सदरा वर करून टाके दाखवायला लागला. चाचा गडबडले, हॉर्न दाबला आणि म्हणाले, "तरी बी नाही कापत."

आमच्या गाडीचा हिटर शाबूत होता, त्याचं कारण वेगळं. उन्हाळ्यात लेहकडचे घाट उघडले की आमचा माणूस वर्षातून एकदा तुरीची डाळ भरून तिकडे जायचा. राजूर सोडताना अंगात बनियन, घाटावर पोचताना अंगावर होतं नव्हतं ते सगळं. तिथे हिटर चैन नव्हे. काचेवर आतून धुकं धरतं, ते ब्लोअरच्या गरम हवेनेच जातं. हवा बंद झाली की समोरचं दिसत नाही, आणि तिथल्या रस्त्यांवर समोरचं दिसलंच पाहिजे.

आदल्या वर्षी तिथेच घोटाळा झाला. चढणीला लागल्यापासून ब्लोअरचा फ्यूज उडायला लागला. वाटेतल्या एका ढाब्यावर कुणीतरी शहाण्याने त्या जागी मोठा फ्यूज ठोकून दिला. मग फ्यूज उडायचा बंद झाला आणि डॅशबोर्डखालून धूर निघायला लागला. जावईबापूंनी ब्लोअर बंद केला. काच धुरकटली. मग एका हाताने काच पुसत, मान खिडकीबाहेर काढून, एका बाजूला दरी ठेवून हा माणूस घाट उतरला. घरी आल्यावर हे सगळं तो हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. मी उठून आत गेले आणि एकदा धुतलेली डाळ पुन्हा धुवायला घेतली.

आणि घरी आलं की गाडी शहाणी! ब्लोअर लावा, कुरकुर नाही, वास नाही. सासरी त्रास देऊन माहेरी गोड वागणाऱ्या लेकीसारखी. वर्षभर ती तशीच गोड वागली आणि पाहता पाहता लेहच्या खेपेचे दिवस पुन्हा आले. यंदा नवतप्यात, म्हणजे आमच्याकडचं ऊन अगदी डोक्यावर तापतं त्या दिवसांत, माल भरायचा होता. मी चाचांकडे गेले.

"हेडलाइट सांग, सेल्फ सांग, हॉर्न सांग," चाचा स्टीअरिंगकडे बघत म्हणाले. "ब्लोअर सोडून बोल, बेटा. ब्लोअरचं काम मी सोडलं."

"काहून?"

"मले नाही जमत आता."

मला वाटलं, मस्करी आहे. ज्या माणसाने फुशारकीत कधी कसर ठेवली नाही, तो म्हणतो जमत नाही! त्यात त्यांच्या अंगाला अत्तराचा घमघमाट येत होता, आणि वार होता मंगळवार. मी घरी येऊन सांगितलं, की चाचांचं काहीतरी बिनसलंय, या वयात अत्तर लावून बसतात. आमचा माणूस हसला आणि म्हणाला, "जाऊ दे. हिटर कापून टाकतो अन् दोन कांबळे जास्तीचे घेतो." कांबळ्याने काच पुसता येत नाही हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. आमचं भांडण झालं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते, हे त्याला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या कैऱ्या द्यायच्या निमित्ताने चाचांच्या घरी गेले. चाची अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. आत चाचा स्वयंपाकघराच्या दाराशीच तक्तपोशावर बसून सुपारी कातरत होते. "ये बेटा, बैस. चाय घे. दूध ठेवलं आहे हिनं," असं म्हणून त्यांनी मला जागा दिली.

दूध ठेवलं होतं खरं. ते उतू जाऊन, आटून, आता पातेल्याच्या बुडाशी जळत होतं. सगळ्या घरात करपल्याचा वास भरला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि तो वास ज्यांच्या पाठीमागून येत होता ते चाचा मजेत सुपारी कातरत मला विचारत होते, "यंदा कैरी आंबट आहे का गं?"

चाची धावत आल्या, गॅस बंद केला. "अहो, बाजूले बसले अन् तुम्हाले..." असं म्हणता म्हणता थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. चाचांच्या हातातला अडकित्ता थांबला. अत्तराचं कोडं मला तिथे सुटलं. ज्याला वास येत नाही त्याला जुम्मा काय आणि मंगळवार काय! नाक सुट्टीवर आहे असं दाखवायला अत्तर बरं पडत होतं.

"कोरोनाच्या तापात गेलं," शेवटी चाचीच म्हणाल्या. "चव आली वापस. वास नाही आला. कोनाले सांगू नको म्हनते हा मानूस."

मग चाचा बोलायला लागले, आणि सुपारी कातरतच बोलले. इतकी वर्षं त्यांनी हाताने निभावलं होतं. वायर चाचपून बघायची, गरम-गार ठरवायचं. नाक फक्त नावाला न्यायचं, कारण लोक ते बघायला यायचे. पण काही महिन्यांपूर्वी ब्लोअर जळतो म्हणून एक टिपर आला. चाचांनी डोळे मिटून नाक लावलं, ठीक आहे म्हणाले, आणि तो टिपर खाणीच्या वाटेवरच आतून पेटला. ड्रायव्हरने उडी मारली, वाळू टाकून विझवला, कुणाला काही झालं नाही.

"नाही झालं. पन झालं असतं तं?" चाचा म्हणाले. "त्यानं मले विचारलं होतं, चाचा, वास येते का? मी म्हनलो, नाही येत. खोटं नव्हतो बोललो, बेटा. पन ते खोटंच होतं." अडकित्ता बाजूला ठेवून ते म्हणाले, "पाऊस लागला की दुकान बंद करतो. बस झालं."

मला फार वाईट वाटलं. त्या केबिनशिवाय हे गृहस्थ दिवसभर काय करणार, हे मला डोळ्यांपुढे येईना. चाचीच्या डोळ्यांपुढे मात्र येत असावं, कारण त्या म्हणाल्या, "घरात बसून मह्या फोडनीचे दोष काढतीन."

"तुह्या फोडनीचा वास येत नाही मले, दोष कुठून काढू?"

मी म्हणाले, "चाचा, तुमचं नाक नाही तं दुसऱ्याचं घ्या की उसनं."

"कोनाचं घेऊ? त्या जावईबापूचं? त्याले केबिनमधी धूर दिसेपावतर वास नाही आला!"

"माहं घ्या," चाची म्हणाल्या.

चाचा असे हसले की बाहेर कुरडयांवरच्या चिमण्या उडाल्या. "तुले काय समजते वं वायरीतलं?"

चाचींनी कोपऱ्यातल्या धुण्याच्या ढिगातून एक सदरा ओढला, नाकाशी धरला. "हा कालचा. रबर जळालं याच्यात. जाड." दुसरा ओढला. "हा परवाचा. याच्यात रबर नाही, वार्निश आहे, थोडंसं. मोटर उघडली होती तुम्ही." तिसरा धरून नुसताच खाली टाकला. "यात काहीच नाही. त्या रोजी तुम्ही दिवसभर गप्पा मारत बसले."

चाचांनी तो तिसरा सदरा उचलून स्वतःच्या नाकाशी धरला आणि खाली ठेवला.

"लग्न झाल्यापासून रोजचे दोन सदरे धुऊन राह्यली," चाची म्हणाल्या. "तुम्ही घरी येऊन सांगा की आज अमुक जळालं, ते मले सदऱ्यानं आधीच सांगतलं राहे. तुम्हाले एवढी हौस सांगाची, म्हनून मी आयकून घेऊ."

सगळ्या तालुक्यात ज्या नाकाचा बोलबाला, त्याच्या तोडीचं दुसरं नाक घरात होतं, आणि ते इतकी वर्षं धुण्याच्या ढिगात खुपसलेलं होतं! चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "कोनाले सांगायचं नाही," एवढंच म्हणाले. म्हणजे कबूल.

चाचांचं म्हणणं असं पडलं. गाडी इथे वर्षभर ब्लोअर चालवते, काही होत नाही. तिकडे गेली की जळते. मग तिकडे वेगळं काय? हिटर. केबिनमध्ये पायाशी एक पेटी असते, हिटर लावला की तिच्यात इंजिनाचं गरम पाणी फिरतं. "त्या पेटीजवळ काहीतरी शिजून राह्यलं. पन हिटर लावल्याबिगर ते शिजनार नाही. म्हनजे हिटर लावा लागते."

"कुठं?" मी विचारलं.

"इथंच. काचा बंद करून."

अशा रीतीने नवतप्याच्या ऐन दुपारी, गावातली कुत्रीसुद्धा नालीत बसलेली असताना, आम्ही चौघं ट्रकच्या केबिनमध्ये शिरलो. जावईबापू स्टीअरिंगवर, त्यांच्या शेजारी चाचा, मागे झोपायच्या फळीवर मी आणि चाची. चाची जन्मात पहिल्यांदा ट्रकमध्ये चढत होत्या. त्यांना मी वरून हाताने ओढून, खालून चाचांनी ढकलून वर घेतलं. वर आल्यावर ओढणी सारखी करून त्यांनी आधी काचेतून सगळा रस्ता बघितला आणि म्हणाल्या, "बाप्पा, किती दूरचं दिसते! अन् हे सांगतच नव्हते."

काचा बंद झाल्या. हिटर पूर्ण, ब्लोअर पूर्ण. गाडी मारेगावच्या रस्त्याला लागली.

त्या गरमीचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की आमच्या माणसाने पहिल्या फाट्यापर्यंत देवाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या फाट्यापासून माझं. चाचांचा पांढरा सदरा अंगाला चिकटून त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. ते दर थोड्या वेळाने मागे वळून विचारायचे, "आला का?" चाची मान हलवायच्या, नाही.

एका फाट्यावर एक म्हातारे शेतकरी हात करून उभे होते. बंद काचा बघून त्यांची काय समजूत झाली ती आम्हाला नंतर कळली. जावईबापू भिडस्त, त्यांनी गाडी थांबवली. आजोबा दार उघडून, धोतर सावरत, "बरं झालं बावा, एशीची गाडी भेटली," असं म्हणत वर चढले, आणि चाचांनी त्यांच्यामागे झटकन दार लावून घेतलं, गरमी बाहेर जाऊ नये म्हणून.

आजोबा टेकले. मग त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "काहून बाप्पा," हळूच म्हणाले, "तुम्हाले सगळ्याइले थंडी वाजून येऊन राह्यली का?"

"टेष्टिंग चालू आहे," चाचा गंभीरपणे म्हणाले.

"मले उतरवून द्या. मी पायी जातो. उन्हात बरं आहे."

आजोबा उतरले आणि रणरणत्या उन्हात उभे राहून त्यांनी असा सुस्कारा सोडला की जणू नदीवर आले. गाडी पुढे निघाली तरी चाची ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. हसता हसता एकदम थांबल्या. नाक वर केलं.

"आला."

आम्ही नवराबायकोनेही हुंगलं. मला घामाशिवाय कशाचाच वास आला नाही. चाचा पूर्ण वळून बसले. "कायचा?"

"वायरीचा नाही. पापड भाजताना कोपरा जळते ना, तसा. पन पापडाचा नाही. गोडसर."

"गोडसर?" चाचांचा आवाज बदलला. "रबर नाही? वार्निश नाही?"

"नाही म्हनली ना. मेनबत्तीसारखा. बारीक."

"कपलर!" चाचा ओरडले. दोन वायरींना जोडणारी प्लास्टिकची खोबण असते, तिला कपलर म्हणतात. "प्लास्टिक शिजून राह्यलं. स्विचच्या मागं असन. जावईबापू, गाडी घ्या बाजूले!"

"स्विचच्या मागं नाही," चाची म्हणाल्या.

"तुले काय..." एवढं बोलून चाचा थांबले. मला वाटतं, त्यांच्या संसारातलं ते अर्धं राहिलेलं पहिलं वाक्य असावं. ते सरकले आणि म्हणाले, "ये. तू दाखव."

चाची फळीवरून खाली उतरल्या, पायाशी वाकल्या, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि डोळे मिटले. अगदी चाचांसारखंच. हे त्यांनी कुठे पाहिलं असेल? दुकानावर त्या कधी येत नसत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, रोज रात्री जेवताना हे करूनच दाखवायचे. त्यांचं नाक डॅशबोर्डवरून खाली, क्लीनरच्या बाजूच्या त्या पेटीकडे गेलं आणि पेटीच्या मागच्या अंगाला थांबलं. "इथं."

गाडी बाभळीखाली उभी राहिली. चाचांनी पेटीचं झाकण उघडलं आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. पांढरं कपलर एका बाजूने तपकिरी होऊन वाकलं होतं. आतली पितळी पिन ढिली पडली होती, तिथेच करंट अडून ती तापत होती. त्यात ते कपलर नेमकं गरम पेटीला टेकलेलं. ब्लोअरच्या पंख्यात कोळशाची धूळ इतकी बसली होती की मोटर जड फिरत होती आणि जास्त करंट ओढत होती. आणि या सगळ्यावर पहारा करायला ढाब्यावरच्या शहाण्याचा तो मोठा फ्यूज, वायर जळाली तरी न उडणारा.

"यानं मारलं असतं तुम्हाले," चाचा फ्यूज जावईबापूंच्या तळहातावर ठेवून म्हणाले. मस्करी नव्हती त्यात. आमचा माणूस फ्यूजकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिले. गेल्या वर्षी गिळलेलं रडू मला त्या बाभळीखाली आलं, आणि घामाने सगळेच इतके भिजलो होतो की कुणाला कळलंही नाही.

चाचांनी तिथेच सावलीत काम मांडलं. पंखा काढून झटकला तेव्हा निघालेल्या कोळशावर एक भाकरी झाली असती. मोटरला तेल दिलं. जळकी वायर कापून जाड वायर घातली, नव्या पिना घट्ट दाबल्या, नवं कपलर पेटीपासून लांब क्लिपने बांधलं, आणि कंपनीने सांगितलेला तोच लहान फ्यूज बसवला. हात तेच होते, पहिल्यासारखे झपाझप चालणारे. मधूनच हातातली वायर चाचीच्या नाकाशी धरायचे. चाची मान डोलवायच्या किंवा हलवायच्या.

परत येताना पुन्हा काचा बंद, पुन्हा हिटर पूर्ण. मला वाटलं होतं की आता पुरे म्हणतील, पण चाचा ऐकेनात. राजूर येईपर्यंत दर मैलाला, "आला का?" "नाही." "आता?" "नाही." गावात शिरताना चाची म्हणाल्या, "आता आला."

चाचांनी घाबरून मागे पाहिलं.

"तुमच्या घामाचा," चाची म्हणाल्या. "घरी चला."

गाडी डाळ भरून गेली. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. चाची आता जेवणाचा डबा घेऊन दुकानावर यायच्या आणि डबा संपल्यावरही तिथेच बसायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारपणी प्रेम वाढलंय. चाचा गाडीत शिरले की त्याही काहीतरी विसरल्याचं निमित्त करून मागून चढायच्या. पण गुपित गुपितच होतं, आणि पाऊस लागला की दुकान बंद, हे चाचांनी मागे घेतलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर हॉर्न दाबला.

मग एका सकाळी फोन आला. घाट ओलांडून, पहिली रेंज मिळाली तिथून. मी फोन कानाला लावूनच दुकानाकडे धावले. तिथे कडुनिंबाखाली ड्रायव्हर लोकांची गर्दी, चाचा आपल्या जागेवर, चाची क्लीनरच्या. मी फोनचा आवाज मोठा करून चाचांच्या हातात दिला.

"काच?" चाचांनी पहिलं हेच विचारलं.

"लखलखीत!" तिकडून आमचा माणूस ओरडला. "हिटर पूर्ण लावून आलो चाचा, घाटात बनियनवर होतो!"

"वास?"

"नाही."

"नीट घ्या. काचा लावा, मंग घ्या."

थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. "घेतला. कायचाच नाही."

"प्लास्टिकचा? गोडसर?"

"नाही ना चाचा. आता बाहेर उतरलो. बाहेर बी नाही. सगळा बर्फच आहे इथं. झाड नाही, माती नाही, काही नाही. बर्फाले कायचा वास राहते?"

बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जे मी त्या तापाच्या वर्षापासून पाहिलं नव्हतं. सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत, हॉर्नइतक्या मोठ्याने ते म्हणाले, "म्हनजे तिथं तुम्ही अन् मी सारखेच का, बाप्पा!"

एका टिपरवाल्याने चाचरत विचारलं, "म्हनजे चाचा... तुम्हाले वास येत नाही?"

"नाही येत. गेला. हात माहे, नाक आता हिचं आहे," चाचा म्हणाले. "चालत असन तं गाडी पुढं घे. नाही तं नागपूर कुठं दूर आहे?"

टिपरवाल्याने चाचीकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि गाडी पुढे घ्यायला निघाला. फोनमध्ये आमचा माणूस हॅलो, हॅलो करत होता. चाचांनी तो फोन चाचीच्या कानाला लावला.

"आयक वं," ते म्हणाले. "एक गाव असं बी आहे, बिनवासाचं."